‘टिफ’मुळे कर वाढत नाही, हे शिकागोत खरं ठरत नाही

शहरविकासाच्या चर्चेत ‘टिफ’बद्दल (टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, म्हणजे ठरावीक विभागातल्या मालमत्तांच्या मूल्यवाढीवरचा कर त्याच विभागाच्या विकासाला वापरणं) एक दावा सतत फिरतो : ‘टिफ विभागात कुणाचाही कर वाढत नाही. विभागाचं करपात्र मूल्य गोठवलं जातं, त्यावरचा कर शाळा-उद्यानांना मिळतच राहतो. २३ वर्षं फक्त मूल्यवाढीवरचा कर तिथल्या रस्ते-गटारांना आणि इमारतींना जातो. विकासाचा खर्च विकासातूनच निघतो.’

यंत्रणेचं वर्णन बरोबर आहे, शिकागो ज्या अमेरिकी राज्यात आहे त्या इलिनॉयचा १९७७ चा कायदा असाच आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा.

‘कर वाढत नाही’ यातच खरी गोम आहे. इलिनॉयमध्ये शाळा मंडळ, उद्यान मंडळ वगैरे संस्था आधी कराचा दर ठरवत नाहीत, हवी ती रक्कम ठरवतात. तिला एकूण करपात्र मूल्याने भागलं की दर निघतो. समजा, १ कोटी डॉलर हवेत आणि मूल्य १० कोटी आहे : दर १० टक्के. पुढे मूल्य १२ कोटी झालं, पण वाढलेले २ कोटी टिफमधले. ते भागाकारात धरले जात नाहीत, म्हणून दर १० टक्केच राहतो. टिफ नसता तर तो ८.३३ वर आला असता. म्हणजे ५० हजार करपात्र मूल्याच्या घराला ४,१६७ ऐवजी ५,००० डॉलर भरावे लागतात, आणि तेही घर विभागाबाहेर असलं तरी! दर चढलेला दिसत नाही म्हणून दावा पटतो. जो उतरायला हवा होता तो उतरला नाही, हे बिलात दिसत नाही.

हा हिशेब एकाच परिस्थितीत लागू पडत नाही : ती वाढ टिफशिवाय झालीच नसती तर. कायद्याची अटही तीच आहे, पण तिची कसोटी फार ढिली आहे. निम्म्या इमारती ३५ वर्षांच्या वरच्या आणि कायद्यातल्या १३ पैकी ३ दोष आढळले, की विभाग पात्र ठरू शकतो. शिकागोसारख्या शहरात जुन्या इमारती शोधत हिंडावं लागत नाही. २०१९ मध्ये लिंकन यार्ड्‌स या पुनर्विकास प्रकल्पाला १.३ अब्ज डॉलरपर्यंतचा टिफ मंजूर झाला. ही जागा लिंकन पार्क आणि बकटाउन या सधन वस्त्यांच्या मधोमध आहे. शिवाय गोठवलेल्या मूल्यात महागाई धरत नाहीत. वर्षाला ३ टक्के भाववाढ धरली तरी २३ वर्षांत मूल्य जवळपास दुप्पट होतं. एक वीटही न रचता ती सगळी वाढ टिफच्या खात्यात जाते.

‘शाळांचं नुकसान नाही’ हेही अर्धसत्यच. शाळांच्या कर-रकमेत वर्षाला ५ टक्के किंवा महागाईचा दर, यांतल्या कमी आकड्याइतकीच वाढ करता येते. नव्या बांधकामाला त्यात सूट आहे, पण टिफमधलं बांधकाम विभाग बंद होईपर्यंत ‘नवं’ मोजलं जात नाही. नव्या फ्लॅटांतली मुलं मात्र आजच वर्गात येऊन बसतात. २०१६ मध्ये लोकल रेल्वेच्या रेड-पर्पल मार्गासाठी वेगळा टिफ आखला गेला, तेव्हा वाढीव करातला शाळांचा वाटा आधी बाजूला काढण्याची तरतूद कायद्यातच करावी लागली.