कुंभलगड, दीड तास

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीतल्या राजस्थान सहलीचा कार्यक्रम आला. उदयपूर, हल्दीघाटी, कुंभलगड, रणकपूर, मग जोधपूर. कुंभलगडासमोर लिहिलंय 'दीड तास'. मी एवढंच विचारलं, की दीड तासात गडावरची जैन मंदिरं कशी बसवणार? उत्तर आलं, "ताई, आपण किल्ला बघायला चाललोय. जैन मंदिर रणकपूरला आहेच की. आणि ती त्यांची देवळं, आपल्याला काय त्यात?" खाली भराभर अंगठे पडले.

तिथे मी वाद घातला नाही. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय. इथे बरेचसे गड चढणारे लोक आहेत, तुम्हाला फार फोड करून सांगावं लागणार नाही.

कुंभलगडावर काय होतं ते सांगते. तिकीट काढायचं, हनुमान पोल, रामपोल हे दरवाजे ओलांडायचे. आत शिरल्या शिरल्या गाइड तटाकडे हात करतो : 36 किलोमीटर, वरून आठ घोडे एका ओळीत जातील, चीनच्या भिंतीनंतर हीच. मग सगळी वरात चढणीला लागते, बादल महालाकडे. वाटेत महाराणा प्रतापांचा जन्म झाला ती जागा. वर पोचलं की फोटो, पाणी, परत खाली. झाला कुंभलगड.

त्या वरून काढलेल्या फोटोंत खाली झाडीत शिखरं दिसतात. लहान, मोठी, जागोजाग पुंजके. गडावर 360 मंदिरं आणि त्यातली 300 जैन, असं तिथे जो तो सांगतो. आकड्याला धरून बसू नका, निम्मा धरा, पाव धरा. एका गडाच्या पोटात इतकी मंदिरं उभी आहेत आणि आपण ती फोटोची पार्श्वभूमी म्हणून वापरतो, याला काय म्हणायचं?

मी गेले तेव्हा आत्या बरोबर होती. माळकरी बाई, उमेदीच्या काळात आळंदी-पंढरपूर पायी केलेली, पण तोवर गुडघे गेलेले. चढण बघूनच म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी बसते इथं." बाकीचे गेले. मी तिच्याजवळ थांबले आणि आम्ही दोघी सोसेल तशा, बसत-उठत, मंदिरांकडे निघालो. वेदी मंदिर झालं, नीलकंठ महादेव झाला. नीलकंठापाशी गर्दी होती, पूजा चालू होती. तिथून पुढे गर्दी संपली.

बावन देवरीत शिरलो, म्हणजे बावन्न देवळ्यांच्या जैन मंदिरात. मोठं आवार, आत जायला एकच दार, दाराच्या ललाटबिंबावर, म्हणजे चौकटीवरच्या पट्टीच्या मधोमध, तीर्थंकर बसलेले. मध्ये मुख्य मंदिर आणि भोवती भिंतीला लागून देवळ्याच देवळ्या, प्रत्येकीला आपलं छोटं शिखर, पंगत बसल्यासारखी ओळ. 1464 सालचं काम, मेवाडच्या राणा कुंभाच्या काळातलं. देवळ्यांत आता मूर्ती नाहीत. उंबरा आहे, आत चौथरा आहे, चौथऱ्यावर धूळ आणि वाळलेली पानं.

तिथे एक आजोबा होते, मारवाडातले, बरोबर नात. त्यांनी दाराशीच चपला काढल्या होत्या. ऊन होतं, दगड चांगला तापलेला. ते पहिल्या देवळीपुढे उभे राहिले, हात जोडले, वाकले, पुढच्या देवळीपुढे गेले. पुन्हा हात जोडले, वाकले. रिकाम्या देवळीपुढे! आत्या बघतच राहिली. न राहवून तिने तिच्या हिंदीत विचारलं, "बाबा, आत मूर्ती तो नहीं है ना?" ते म्हणाले, "थी." आणि चालता चालता, "मेरे दादाजी भी ऐसे ही करते थे."

आत्याने चपला काढल्या. माझ्या खांद्यावर भार टाकून ती त्यांच्या मागून निघाली. एकेक देवळी. तिचं तोंडातल्या तोंडात 'रामकृष्णहरी' चालू. पूर्ण फेरी झाल्याशिवाय बाई थांबली नाही.

आता सांगा, "ती त्यांची देवळं" म्हणणाऱ्या माणसाला मी काय उत्तर देऊ?

बरं, श्रद्धा ठेवा बाजूला. नुसता किल्ला म्हणूनच बघायचं म्हटलं तरी या मंदिरांशिवाय तो कळत नाही. गड म्हणजे तट, बुरूज आणि तोफा एवढंच असतं का? राणा कुंभाने मंडन नावाच्या स्थपतीकडून पंधराव्या शतकाच्या मध्यात हा गड उभा करून घेतला. तट बांधायला दगड लागतो तसा पैसा लागतो, धान्य लागतं, हिशेब ठेवणारी विश्वासाची माणसं लागतात. मेवाडात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणी केलं? महाजनांनी, शेठ-साहूंनी, भांडाऱ्यांनी, आणि त्यात जैन घराणी किती तरी. चितोडवर जा, शृंगार चौरी बघा. शांतिनाथांचं मंदिर, 1448 चं, बांधणारा वेला हा राणा कुंभाच्या खजिनदाराचा मुलगा. त्याच चितोडवरचा जैन कीर्तिस्तंभ त्याहून कितीतरी जुना, जीजा नावाच्या बघेरवाल जैन व्यापाऱ्याने उभारलेला, आदिनाथांना वाहिलेला. कुंभाचा विजयस्तंभ मागाहून आला. रणकपूर बांधणारा धरणा शाहही कुंभाच्याच काळातला. पुढे हल्दीघाटीनंतर प्रताप डोंगरात फिरत असताना आपली संपत्ती त्यांच्यापुढे आणून ठेवणारा भामाशाह कोण होता? जैनच ना? प्रतापांची तलवार बघून उर भरून येतो ना, मग ती तलवार चालू ठेवणाऱ्या माणसांची देवळं बघायला वेळ का नसतो?

कुंभलगडाचीच गोष्ट घ्या. पन्ना धाय या दाईने पोटचा पोर देऊन लहानग्या उदयसिंहाला, म्हणजे प्रतापांच्या वडिलांना, वाचवलं, हे सगळ्यांना पाठ आहे. सांगताना गाइडचाही आवाज बदलतो. पुढचं मात्र कोणी सांगत नाही. ती त्या लहानग्याला घेऊन दारोदार फिरली, मोठमोठ्या सरदारांनी पाठ फिरवली. अखेर कुंभलगडाचा किल्लेदार आशा शाह याच्याकडे आली. तोही आधी कचरला. तेव्हा त्याच्या आईने त्याची कानउघाडणी केली, धन्याचा मुलगा आहे, संकटाला काय बघतोस, म्हणून. मग त्याने मुलाला आपला पुतण्या म्हणून गडावर सांभाळलं. ही हकीकत राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे आणि त्याने आशा शाहला जैन म्हटलं आहे. तो शाह नसता, त्याची ती म्हातारी आई नसती, तर उदयसिंह नाही, उदयपूर नाही आणि प्रतापही नाहीत. ज्या जागेपाशी उभं राहून आपण जयजयकार करतो, तिथला जन्म या घरामुळे झाला. आणि आपण म्हणतो, आपल्याला काय त्यात!

लिहिता लिहिता पुन्हा चढायला लागलाय पारा. थांबते जरा.

रणकपूरचं म्हणाल तर ते बघाच. 1444 खांब, पांढरा संगमरवर, एका खांबासारखा दुसरा नाही. डोळे दिपतात, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण रणकपूर जागतं मंदिर आहे, पूजा आहे, झाडलोट आहे, व्यवस्था आहे. कुंभलगडावरची मंदिरं साधी, उन्हापावसाने काळवंडलेली. गोलेराव समूहात तर एकाच वर्तुळाकार आवारात नऊ मंदिरं आहेत, शिखरांवर बारीक काम, आणि तिथे आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. पीतलिया देव हे जैन मंदिर जरा आडबाजूला, गडाच्या उत्तर अंगाला आहे. खांबांचा सभामंडप, तीन बाजूंनी दारं, बाहेरच्या भिंतीवर अप्सरा आणि नर्तकी. एकीच्या पायातली तोरडी मी बोट लावून बघितली, एकेक मणी वेगळा लागतो. इतक्या शतकांचा वारा-पाऊस खाऊन मणी वेगळा लागतो! ते करणारा पाथरवट कोण होता, कुठे राहायचा, गडावरच त्याचं घर होतं का, हे प्रश्न रणकपूरच्या झगमगाटात पडत नाहीत. इथे पडतात.

मान्य, वयस्क माणसं असतात, लेकरं कुरकुरतात, गाडी भाड्याची असते. सगळ्यांना सगळं बघणं होत नाही. पण मग वेळ नाही असं म्हणा ना. 'आपल्याला काय त्यात' म्हणू नका.

आणि हे राजस्थानात जाऊनच होतं असं कुठे आहे? आपल्या सह्याद्रीत काय करतो आपण? नाशिककडच्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांवर जाणाऱ्यांतले किती जण पायथ्याजवळच्या जैन लेण्यांत पाच मिनिटं थांबतात? दारावरचं नक्षीकाम, अंबिका, सगळं मागे टाकून 'टॉप गाठायचा' म्हणून पळत सुटतात. इगतपुरीजवळच्या त्रिंगलवाडी किल्ल्याच्या जैन लेण्यात मी स्वतः बघितलं आहे. गाभाऱ्यात ऋषभनाथांची भंगलेली मूर्ती, तिच्या बैठकीवर शके 1266 चा, म्हणजे 1344 चा लेख, आणि बाहेर मंडपात एक ग्रुप पेपर पसरून डबे खात होता. बूट घालून, आत. खरकटं तिथेच. गडावर जाऊन महाराजांच्या नावाने घोषणा देणारीच मुलं होती ती, टी-शर्टवर नाव होतं. मी बोलले त्यांना. "काकू, इथे पूजा होत नाही," म्हणे.

पूजा होत नाही. त्या मारवाडी आजोबांना हे कोणी सांगितलं नव्हतं वाटतं! तापलेल्या दगडावर अनवाणी, रिकाम्या देवळीपुढे कंबरेत वाकणारा माणूस मी बघितला आहे, आणि ज्यांचा तो देव नाही अशी माझी आत्या त्याच्यामागे दुखऱ्या गुडघ्यांनी चालताना बघितली आहे. आत्या चौथी शिकलेली. तिला तीर्थंकरांची नावं माहीत नव्हती, शिल्पशास्त्र माहीत नव्हतं. तिने कोणाला विचारलं नाही की यात आपल्याला काय.

पोरांवर फार राग धरायचा नाही मला. त्यांना कोणी दाखवलंच नाही, हेही तितकंच खरं. गडावर नेणारे आपण त्यांना बुरजाचं नाव सांगतो, लढाईची तारीख सांगतो, टाक्याचं पाणी प्यायला देतो, आणि लेण्यापाशी 'इथे बसून घ्या जरा' म्हणतो. रायगडावर बाजारपेठ दाखवताना आपला उर किती भरून येतो! तिथे कोण व्यापारी बसायचे, कुठून माल यायचा, हे रंगवून सांगतो. तो जिव्हाळा दुसऱ्याच्या गडावर गेलं की कुठे जातो? 2025 मध्ये आपले किल्ले जागतिक वारशात गेले तेव्हा आपण किती नाचलो. राजस्थानचे सहा डोंगरी किल्ले, कुंभलगड आणि चितोड धरून, 2013 सालीच तिथे गेले. आणि तो मान नुसत्या तटांना मिळालेला नाही, तटांच्या आत नांदलेली शहरं, वाडे, व्यापारपेठा आणि मंदिरं धरून मिळाला आहे. जैसलमेरचं बघा, तिथे गडात माणसं अजून राहतात, पिवळ्या दगडाच्या जैन मंदिरांत रोजची पूजा होते, आणि संभवनाथांच्या मंदिराखालच्या ज्ञानभांडारात ताडपत्रावरचे ग्रंथ जपून ठेवलेले आहेत. किल्ल्याने काय काय राखलं, हे बघायचं तर तिथे बघा.

बावन देवरीतली फेरी झाल्यावर ते आजोबा सावलीला आमच्याजवळ येऊन बसले. नातीने पिशवीतून खाखरे काढले, आत्यापुढे धरले. आत्याची एकादशी होती, तिने हात जोडून नाही म्हटलं. उपास म्हटल्यावर आजोबा खुलले, त्यांच्याकडचे उपास सांगायला लागले, आत्या तिचे सांगायला लागली. दोघांना एकमेकांची भाषा निम्मी कळत होती. वर गेलेले आमचे लोक फोटो काढून, घामाघूम होऊन परत आले तरी यांचं संपलं नव्हतं. आजही कोणी राजस्थानचा विषय काढला की आत्या उदयपूरचं तळं सांगत नाही, महाल सांगत नाही. ते आजोबाच सांगते.

तर, दिवाळीत किंवा पुढे थंडीत तुमच्यापैकी जे कोणी कुंभलगडला जाणार असतील त्यांनी एवढं करा. गड उघडल्याबरोबर आत जा. रामपोलातून शिरल्यावर गर्दीच्या मागे लगेच महालाची चढण धरू नका. आधी वेदी आणि नीलकंठ, मग पार्श्वनाथ, बावन देवरी, गोलेराव. पीतलिया देवाला जायचं तर पाणी आणि टोपी जवळ ठेवा. हे सगळं करून महालात जा, वरून खाली बघा, आपण कुठून फिरून आलो ते शिखरांवरून ओळखू येतं. निदान अर्धा दिवस लागतो. गाइड 'उधर कुछ नहीं है' म्हणेल, त्याला आधीच ठरवून सांगा की तिकडेच जायचं आहे. घरात गुडघेदुखीवालं कोणी असेल तर त्यांना पायथ्याशी बाकावर बसवून ठेवू नका, मंदिरांकडे घेऊन जा, हळूहळू जमतं.

आमच्या सोसायटीच्या सहलीला मीही जाणार आहे. दीड तास ठेवायचा त्यांनी ठेवावा. गाडी दुपारपर्यंत थांबवायचे जास्तीचे पैसे मी भरते, असं आत्ताच ग्रुपवर टाकलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा निरोप आलाय, त्या येणार आहेत माझ्याबरोबर.