किट जोडणं म्हणजे तयार तुकडे चिकटवणं नव्हे

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला तीन जणांनी पाठवला. थोडक्यात तो असा: प्लॅस्टिकची लढाऊ विमानं जोडणं हा मोठ्या माणसांनी लांबवलेला पोरखेळ आहे. सगळे भाग डब्यात तयार असतात, नंबर बघून चिकटवायचे आणि डब्यावरच्या चित्राप्रमाणे रंगवायचे. 'किट सुधारतो' म्हणणारे परदेशातून महागडे सुटे भाग मागवतात आणि त्यालाच कला म्हणतात. आता थ्रीडी प्रिंटर आल्यावर तेही संपलं. आणि युद्धाची यंत्रं दिवाणखान्यात मांडणं म्हणजे युद्धाचं कौतुकच.

मी बावीस वर्षं ही विमानं करतो आहे. बहुतेक दुसऱ्या महायुद्धातली, बहुतेक १/७२ प्रमाणातली, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी. मजकूर इतक्या जणांना पटतो आहे की गप्प बसवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हा पोरखेळ आहे"

१/७२ हा आकडा खेळण्यांच्या दुकानातून आलेला नाही. या प्रमाणात एक इंच म्हणजे बरोबर सहा फूट, त्यामुळे फूट-इंचांतले नकाशे घेऊन काम करणाऱ्यांना ते सोयीचं पडलं. १९३६ साली ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने 'पेंग्विन' या नावाने प्लॅस्टिकची किट आणली, तीही याच मापाची. मग युद्ध आलं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे काही सेकंदांत ओळखणं हा तोफेवरच्या शिपायासाठी जीवनमरणाचा प्रश्न झाला. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी नमुने करून मागितले, सगळे १/७२ मापाचे आणि काळ्या रंगाचे. ३५ फुटांवर टांगलेला असा नमुना साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढा दिसतो. ३५ ला ७२ ने गुणून बघा, २५२० फूट येतात.

त्या मुलांच्या नमुन्यात पंखाचा कोन चुकला असता, तर तो शिकवण्याच्या कामाचा राहिला नसता. अचूकपणाची ही शिस्त या छंदात जन्मापासून आहे.

"सगळं डब्यात तयार असतं"

डबा उघडल्यावर हातात येतो तो प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेला कच्चा माल. सध्या माझ्या टेबलावर हॉकर हरिकेन मार्क २ सी हे ब्रिटिश लढाऊ विमान आहे. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी ४० फूट, म्हणजे माझ्याकडे जेमतेम १७ सेंटिमीटर. किटमधल्या पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड आहे. बोटाला ती पातळ लागते, पण ७२ ने गुणलं की ३६ मिलिमीटर होते, दरवाजाच्या फळीएवढी. खऱ्या विमानाची कड अशी असती तर ते पाहून कारखान्यातला कुठलाही कारागीर हसला असता. म्हणून पंखाचे वरचे-खालचे अर्धे चिकटवण्याआधी दोन्ही आतून वॉटर पेपरवर (पाणी लावून वापरायच्या बारीक घासकागदावर) घासायचे. घासताना मधूनमधून उजेडासमोर धरायचे; प्लॅस्टिकमधून उजेड झिरपायला लागला की थांबायचं. हे कुठल्याही सूचनापत्रकात लिहिलेलं नसतं.

हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडाचा होता. लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून त्यावर डोप, म्हणजे कापड आवळून घट्ट करणारं रोगण, चढवायचे, की ते डफाच्या कातड्यासारखं घट्ट बसे. कित्येक किटमध्ये मात्र दोन पट्ट्यांमधलं कापड ओल्या चादरीसारखं झोळ पडलेलं दाखवतात. तिथे प्रायमरचे दोन-तीन हात द्यायचे, घासायचे, पुन्हा द्यायचे. माझी दोन संध्याकाळ त्यातच गेली आणि मला ती वाया गेल्यासारखी अजिबात वाटली नाहीत.

आणि 'तयार' भाग तरी बरोबर असतोच असं कुठे आहे? झेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड कंपनीचा या क्षेत्रात मोठा मान आहे, आणि तो रास्तच आहे. त्यांचं १/४८ मापाचं मेसरश्मिट १०९ जी-६ हे जर्मन लढाऊ विमान २०१४ साली आलं आणि मोजपट्टी घेऊन बसलेल्या लोकांनी दाखवून दिलं की ते मापापेक्षा मोठं झालं आहे. कंपनीने पुढे नवे साचे करून ते किट पुन्हा काढलं. ही चूक पकडली ती 'नंबर बघून चिकटवणाऱ्यांनी'.

"डब्यावरच्या चित्राप्रमाणे रंगवायचं"

हा मुद्दा मला सर्वात जास्त लागला, कारण आपल्या विमानांची चित्रं डब्यावर फारशी येतच नाहीत.

१९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळला भिडल्या तेव्हा तिथे भारतीय वायुसेनेची १ नंबरची स्क्वाड्रन हरिकेन उडवत होती. स्क्वाड्रन लीडर होते अर्जन सिंग, पुढे मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले ते. त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक तिथेच, रणभूमीवर, माउंटबॅटन यांनी लावलं. हे हरिकेन करायचं ठरवलं की डब्यातले डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायची छापील चिन्हं, बाजूला ठेवावे लागतात. त्यांतल्या ब्रिटिश ओळखचिन्हाच्या वर्तुळाच्या मधोमध लाल ठिपका असतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल सूर्याचा गोळा होता आणि घाईत लाल दिसलं की आपलेच लोक गोळी झाडतील अशी भीती होती. तिथली वर्तुळं गडद निळी आणि फिकट निळी, शिवाय आकाराने लहान. पुढे ओळख आणखी पटावी म्हणून पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टेही आले. पण कोणत्या महिन्यात, कोणत्या विमानावर? त्याचं उत्तर फक्त फोटोत मिळतं.

फोटो वाचायलाही शिकावं लागतं. त्या काळी वापरातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, आणि पिवळाही तिच्यावर काळसर उमटे. त्यामुळे एकाच वर्तुळाचा पिवळा कडा एका फोटोत उजळ दिसतो, तर दुसऱ्यात जवळपास काळा. नवखा माणूस म्हणतो, ही दोन वेगळी विमानं. संग्रहालयातल्या विमानाचा आधार घ्यावा, तर तिथेही जपून. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही बघायला मिळतात, आणि आकार, बिजागऱ्या, चाकांच्या खोबणी समजून घ्यायला त्यापेक्षा चांगली जागा आपल्याकडे नाही. रंगाचं तसं नाही. जपून ठेवलेलं विमान ऐंशी वर्षांत अनेकदा रंगवलं जातं, त्यामुळे आजच्या हिरव्यावरून १९४४ चा हिरवा ठरवता येत नाही.

"सुधारणा म्हणजे महागडे सुटे भाग"

असे भाग मिळतात, चांगले असतात, मीही कधीतरी घेतो. पण या हरिकेनच्या चार तोफा बघा. खऱ्या तोफेचं तोंड २० मिलिमीटरचं, १/७२ मध्ये ते ०.२८ मिलिमीटर होतं. किटमध्ये तिथे नुसती भरीव काडी आहे. इंजेक्शनच्या २६ नंबरच्या सुईचं आतलं भोक ०.२६ मिलिमीटर असतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो.

"कुणाला द्यायचंय इंजेक्शन?" दुकानातल्या काकांनी विचारलं.

"कुणाला नाही काका, विमानाच्या तोफेची नळी करायचीय."

मोबाइलवर पंखाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट बघितला आणि म्हणाले, "मग चारवर भागायचं नाही, सहा घेऊन जा. एखादी वाकेल."

दोन वाकल्याच. सुई पक्कडीने तोडली तर तोंड चेपतं. आत बारीक तार घालायची, सुई टेबलावर ठेवून धारदार पात्याखाली पुढेमागे लोळवायची, चर पडला की हलकेच मोडायची आणि तार ओढून घ्यायची. एरियलची तार तर फुकटच होते: डब्यातली उरलेली प्लॅस्टिकची चौकट मेणबत्तीवर मऊ करून ओढली की केसाएवढा धागा निघतो. फटी बुजवायला एम-सील, सीटचे पट्टे करायला टूथपेस्टच्या जुन्या धातूच्या ट्यूबचा पत्रा. यातल्या कशालाही परदेशातून पार्सल लागत नाही.

दुसरा गैरसमज याहून खोल आहे, आणि तो आमच्यातल्या पुष्कळांचाही आहे: सुधारणा म्हणजे भर घालणं, जास्त रिव्हेट, जास्त खोल रेघा. मस्टँग पी-५१ या अमेरिकन लढाऊ विमानाचं उदाहरण घ्या. त्याच्या पंखाचा सगळा फायदा हवा त्यावरून सरळ, न विस्कटता वाहण्यात होता. म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागातले पत्र्यांचे जोड आणि रिव्हेट लांबी (पुट्टी) भरून बुजवत, घासत आणि वर चंदेरी रंग देत. धड उघड्या पत्र्याचं, पंख मात्र गुळगुळीत. किटमध्ये त्याच पंखावर शेकडो रिव्हेट कोरलेले असतात. तिथे सुधारणा म्हणजे ते बुजवणं. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातला कामगार जे करत होता, अगदी तेच काम मी माझ्या टेबलावर, त्याच क्रमाने करतो: लांबी, वॉटर पेपर, चंदेरी रंग.

स्पिटफायरच्या वेळी तर याचा हिशेबच मांडला होता. सपाट डोक्याचे रिव्हेट बसवणं खर्चिक आणि वेळखाऊ. ते नक्की कुठे लागतात हे शोधायला विमान बनवणाऱ्यांनी एका विमानाच्या सपाट रिव्हेटांवर फोडलेले वाटाणे चिकटवले, म्हणजे गोल डोक्याचे रिव्हेट झाले. विमान उडवलं, मग एकेका भागावरचे वाटाणे काढत पुन्हा उडवलं. सगळे वाटाणे असताना वेगात ताशी २२ मैलांपर्यंतची घट झाली. पंखावर सपाट रिव्हेट हवेतच, धडाच्या मागच्या भागावर गोल चालतील, हे त्यातून कळलं. ही गोष्ट माहीत असलेला माणूस स्पिटफायरच्या पंखावर रिव्हेट कोरताना हात आवरतोच.

"थ्रीडी प्रिंटरने हे संपवलं"

प्रिंटर सांगितलेला आकार काढतो. तो आकार कुणीतरी नकाशे आणि फोटो घासूनपुसून वाचून आधी काढलेला असावा लागतो. तो चुकला की छपाईही चुकते. आणि छापलेल्या भागावरचे थरही आम्ही त्याच वॉटर पेपरने घासतो.

"हे युद्धाचं कौतुक आहे"

हा आरोप मी गंभीरपणे घेतो. काही जणांच्या मनात कौतुक असेलही.

पण हरिकेनचं कॉकपिट करताना काय हाताखाली येतं ते सांगतो. तबकड्यांचा बोर्ड ज्वारीच्या कणसातल्या दोन दाण्यांएवढा. मी त्यावर टूथपिकच्या टोकाने पांढरे काटे काढले. त्या बोर्डाच्या लगेच पुढे, पायलटच्या छातीसमोर, हरिकेनची पेट्रोलची राखीव टाकी होती, २८ गॅलनची. १६ ऑगस्ट १९४० ला इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनजवळ ब्रिटिश वैमानिक जेम्स निकोलसन यांच्या विमानाची तीच टाकी पेटली. पेटत्या कॉकपिटमध्ये बसून त्यांनी समोरच्या विमानावर मारा केला आणि मगच उडी मारली. ब्रिटिश फायटर कमांडला (लढाऊ विमानांच्या दलाला) मिळालेला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, तो. भाजलेले असे वैमानिक इतके होते की ईस्ट ग्रिनस्टेडच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी त्यांचे चेहरे आणि हात नव्याने उभे करण्याचं शास्त्रच विकसित केलं. निकोलसन बरे झाले, पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि २ मे १९४५ ला बंगालच्या उपसागरात विमान कोसळून गेले. तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

किटमध्ये ती टाकी नाही. बाहेरून दिसतो तो कॉकपिटच्या काचेपुढचा एक साधा चौकोनी पत्रा, नखाच्या टोकाएवढा. परवा त्याची रेघ मी पुन्हा कोरली, कारण घासताना ती पुसली गेली होती.