कॉस्बी निर्दोष ठरलेला नाही
अमेरिकन विनोदी अभिनेता बिल कॉस्बी याच्यावर अनेक बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले आहेत. परवा आपल्या गंगापूर रोडच्या ग्रुपवर मीच पुढे पाठवलं होतं: ‘बिल कॉस्बी कोर्टात निर्दोष ठरला, बायकांचे आरोप खोटे निघाले.’ ते चूक आहे. माफ करा.

निकाल नंतर वाचला. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यातली त्याची शिक्षा रद्द केली ती आधीच्या सरकारी वकिलाने खटला न भरण्याचा शब्द दिला होता म्हणून. आरोप खोटे, असं त्यात कुठेच नाही. तो आरोप नाकारतो. तरी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दिवाणी खटल्यात ज्युरीने त्याने १९७५ मध्ये १६ वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याचं मान्य करून तिला ५ लाख डॉलर भरपाई दिली.

‘द कॉस्बी शो’ ही त्याची जुनी मालिका बघायची की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातला तो रंगीत स्वेटरमधला प्रेमळ बाप आता बघवत नाही. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका. नाशिकबाहेर कुणाला गेला असेल, तर त्यांनाही कळवा.