आण्णांची वर्दी

आमचे आजोबा, म्हणजे आण्णा, २००३ साली गेले. गावाने खांदा दिला, दहावा-तेरावा झाला, पुढे बावीस वर्षं पितृपक्षात त्यांचं पान न चुकता वाढलं गेलं. फक्त तलाठ्याला कळवायचं राहून गेलं. त्यामुळे सरकारदरबारी आण्णा ठणठणीत होते आणि वयाच्या एकशे सातव्या वर्षी अठरा आर जमीन कसत होते.

२०२५ मध्ये सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची मोहीम निघाली. मोहिमेचं नाव ‘जिवंत सातबारा’. घरातला शिकलेला म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. आमच्याकडे शिकलेला म्हणजे ज्याला रजा मिळते तो.

वारसाची वर्दी, म्हणजे जमीन वारसांकडे आल्याची खबर, खरं तर तीन महिन्यांत द्यायची असते. बावीस वर्षांनी गेलो म्हणून भाऊसाहेब चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मानही वर केली नाही. त्यांच्या टेबलावर माझ्यापेक्षा जुनी प्रेतं होती. भाऊसाहेब म्हणजे तलाठी. २०२४ साली त्यांचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. राज्यातल्या तमाम तलाठ्यांचं नाव सरकारने एका निर्णयात बदललं, एवढं ध्यानात असू द्या.

“मयताचं नाव?” भाऊसाहेबांनी विचारलं.

इथून घोटाळा सुरू झाला. सातबाऱ्यावर आण्णांचं पाळण्यातलं नाव होतं, जे आजीनेही उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतंच ‘आण्णा’, कारण नोंद करायला धाकटे काका गेले होते आणि त्यांना ऐनवेळी दुसरं काही आठवलं नाही. शाळेच्या जुन्या दाखल्यात नाव बरोबर, पण आडनावाच्या जागी गावाचं नाव. भाऊसाहेबांनी तिन्ही कागद ओळीने मांडले.

“सर, ही तीन माणसं दिसतात.”

“एकच आहेत हो.”

“मेलाय यातला एकच. जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. आणि शाळेत गेलेला तिसराच.”

मी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, की सदर तिन्ही नावे एकाच इसमाची असून तो इसम माझा आजोबा होता. ज्या माणसासमोर मांडी बदलायचीही आमची छाती नव्हती, त्याला मी सहीनिशी ‘सदर इसम’ म्हणालो. रात्री नीट झोप लागली नाही.

मग वंशावळ. आण्णांनी जमीन स्वतः विकत घेतलेली, मृत्युपत्र केलेलं नाही, आजी त्यांच्या आधीच गेलेली. म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तीन मुलगे, तीन मुली, सहा सारखे हिस्से. त्यातले माझे वडील आता नाहीत, तेव्हा त्यांच्या सहाव्या हिश्शात आई, मी आणि बहीण. हे सगळं मी मोठ्या हुशारीने कागदावर काढून नेलं.

“तुमचं नाव आत्ता नाही लागणार,” भाऊसाहेब म्हणाले. “आधी वडिलांचं लागेल.”

“वडील वारलेत.”

“ते मला मान्य आहे. पण सातबाऱ्यावर ते आलेच नाहीत, तर जाणार कसे? आधी आजोबांचा फेर, म्हणजे नावबदलाची नोंद, धरू, त्यात वडील येतील. मग वडिलांचा फेर धरू, त्यात ते जातील.”

वडिलांना हयातीत स्वतःच्या नावावर वीतभर जमीन मिळाली नव्हती. मेल्यावर सात वर्षांनी ती मिळणार होती, तीही जेमतेम महिनाभर. ऐकून आई म्हणाली, “तेवढ्यात शेतसारा नाही ना भरावा लागणार त्यांना?”

तिन्ही आत्यांचं म्हणणं फोनवर शब्दशः एकच आलं. “मला काय करायची जमीन? देवाने भरपूर दिलंय.” मी सुखावून हक्कसोडपत्राचा विषय काढला. ते साध्या कागदावर चालत नाही, रजिस्टर करावं लागतं, तेव्हा एकदा दुय्यम निबंधकाकडे यावं लागेल. पलीकडे शांतता पसरली. “जमीन नकोच रे मला,” थोरल्या आत्या म्हणाल्या, “पण नाव असू दे. बापाचं आहे.” उरलेल्या दोघींचंही तेच. तिघींना एकमेकींशी बोलायला मधे किती वेळ मिळाला असेल, देव जाणे.

इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा सहाशे रुपयांचा बोजा निघाला. कर्ज आण्णांनी बैलासाठी काढलं होतं. बैल गेला, आण्णा गेले, बोजा तेवढा तगला. बेबाकी, म्हणजे काही देणं उरलं नसल्याच्या, दाखल्यासाठी सोसायटीत चार खेपा घातल्या. हिश्शाबद्दल तावातावाने बोलणाऱ्या एकाही वारसाने बोज्याचा सहावा वाटा मागितला नाही.

अखेर फेर धरला गेला, नोटीस निघाली. हरकतीला पंधरा दिवस. चौदाव्या दिवशी हरकत आली, थोरल्या काकांची. आपण ज्येष्ठ असूनही आपलं नाव धाकट्या बहिणीच्या खाली का, असा लेखी सवाल होता. प्रकरण सर्कलसाहेबांकडे, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्यांकडे गेलं. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि म्हणाले, “काका, ही हरकत मालकीची नाही, मानाची आहे. तिला आमच्याकडे रकाना नाही.” नोंद मंजूर झाली. काका महिनाभर बहिणीशी बोलले नाहीत.

नवा सातबारा आला. आण्णांच्या नावावर आडवी रेघ, खाली आम्ही आठजण. माझा हिस्सा एक अठरांश, म्हणजे बरोब्बर एक आर, १०७६ चौरस फूट. गुंठ्याला तेरा फूट कमी. त्या तेरा फुटांचंच मला जास्त वाईट वाटलं.

रविवारी काकांना घेऊन तो एक आर बघायला गेलो. काकांनी बांधावरून हात लांब केला. अठरातले चार आर पोटखराबा आहेत, म्हणजे ओढा. हात बरोबर ओढ्यावर जाऊन थांबला.

“तुझा त्या अंगाला.”

“असं कोणी ठरवलं?”

“मग मोजणी आण,” काका म्हणाले.

मोजणीच्या अर्जासाठी सगळ्या खातेदारांची संमती घेऊन या, असं सांगण्यात आलं. तेव्हा पुन्हा थोरल्या आत्यांना फोन लावला.

“सही करते की,” त्या म्हणाल्या. “पण आधीच सांगून ठेवते हो, मला जमीन नको. आणि माझा तेवढा ओढ्याकडे काढू नका.”