आमदारकी तीन टर्म, बास झालं!

आज एसटी स्टँडवरचा फ्लेक्स बघून डोकंच सणकलं. वर आमचे आमदार साहेब, मधे गॉगल लावलेले साहेबांचे चिरंजीव, खाली ठळक अक्षरांत 'भावी आमदार'. तळाला शुभेच्छुकांचे बारके फोटो, त्यात आमचे आप्पाकाका!

काका साहेबांच्या पहिल्या निवडणुकीपासून सोबत. सतरंज्या टाकल्या, स्लिपा वाटल्या, बूथवर उपाशी बसले. झेडपीचं तिकीट मागितलं तर साहेब म्हणाले, "आप्पा, पुढच्या वेळी बघू." तिकीट गेलं भाच्याला. ती पुढची वेळ काही आली नाही, काकांचे गुडघे तेवढे गेले.

आमदार व्हायला घटनेत वय 25 पूर्ण लागतं. किती वेळा व्हायचं याला धरबंध नाही. गावात सरपंचपदाचं आरक्षण फिरतं, गेल्या वेळचा सरपंच बऱ्याचदा यावेळी घरी. नागरी सहकारी बँकेच्या संचालकालासुद्धा सलग 10 वर्षं झाली की उठावं लागतं. आणि जिथे 288 जण अख्ख्या राज्याचं बजेट मंजूर करतात, तिथे खुशाल जन्मभर बसा! वर पेन्शन, तेही जितकी वर्षं बसाल तितकं वाढतं. पंजाबने 2022 मध्ये कितीही वेळा आमदार व्हा, पेन्शन एकच असं केलं. आपल्याकडे असं कोण करणार?

आता कुणीतरी सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव काढणार. 11 वेळा निवडून आले, साधे राहिले. मान्य. दुसरे गणपतराव दाखवा. संगमनेरात 2024 ला लोकांनीच बाळासाहेब थोरातांना घरी बसवलं, म्हणाल. बसवलं ना, 39 वर्षांनी! तोवर तिथल्या किती आप्पाकाकांची उमेद गेली असेल?

तीन टर्मची मर्यादा घातली तर बायको-पोरं उभी राहतील, हेही खरं. पण आज मर्यादा नसताना तरी दुसरं काय चाललंय?

संध्याकाळी काकांना फोन केला. चिडूनच विचारलं, "न विचारता फोटो छापला ना तुमचा?" तर म्हणाले, "अगं, मीच वर्गणी दिली फ्लेक्सला. पोरगं आमदार झालं की वस्तीवरचा रस्ता करतो म्हणालंय." पुढे भांडवेना मला. त्यांना खरंच तसं वाटतंय. कुणी सांगावं, होईलही.

पण हाच रस्ता बापानेही कबूल केला होता हो! 15 वर्षांत जे जमलं नाही ते सोळाव्या वर्षी कसं जमणार? घटना नाहीतर कायदा बदलावा लागेल, तो बदलणारे राजकारणीच, सगळं कळतं मला. तरी प्रचाराला दारात आले की विचारा, कितवी टर्म, आणि अजून किती.

तालुक्यातल्या मंडळींनी या पोस्टचा स्क्रीनशॉट साहेबांना खुशाल पाठवावा. काय बोलायचं ते मला बोला म्हणावं, काकांना नाही.