साखर ताब्यात, म्हणजे हृदयही ताब्यात?

मधुमेह आणि हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद अपुरी पडणे) हे दोन्ही आजार असलेल्यांसाठी एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : साखर काटेकोर ठेवली की हृदय आपोआप सांभाळले जाते, त्यासाठी गोळी कोणतीही चालते, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या किडनी खराब करतात, आणि सूज उतरली, धाप थांबली की हृदयाची औषधे बंद करावीत.

पहिला दावा अर्धाच खरा आहे. वर्षानुवर्षे वाढलेली साखर हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि स्नायू दोन्ही बिघडवते, यात शंका नाही. मात्र हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या दहा हजारांहून अधिक मधुमेहींच्या ‘अ‍ॅकॉर्ड’ अभ्यासात ज्यांची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात मृत्यू अधिक होत असल्याचे दिसले आणि २००८ मध्ये तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. शिवाय साखर फार उतरली तरी, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) घेणाऱ्यांना धडधडीची सूचना मिळेलच असे नाही. घाम मात्र सुटतो, म्हणून कारण नसताना घाम फुटला तर आधी ग्लुकोमीटर हातात घ्यावा.

दुसरा दावा सर्वांत घातक, कारण तो ऐकायला अगदी बिनधोक वाटतो. पायोग्लिटाझोन साखर चांगली उतरवते, पण शरीरात मीठ-पाणी साठवते. त्यामुळे हार्ट फेल्युअर उद्भवू किंवा बळावू शकते, असा ठळक इशारा २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटाच्या वेष्टनावर छापायला लावला. सॅक्साग्लिप्टिन या साखरेच्या दुसऱ्या गोळीच्या २०१३ मधील मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. याउलट लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०१५ मधील चाचणीत, हृदयरोग असलेल्या मधुमेहींमध्ये, हेच प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. त्याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनच्या २०१९ मधील ‘डापा-एचएफ’ चाचणीत तर निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हताच, तरीही आजार बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे यांचे एकत्रित प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झाले. हा लाभ केवळ साखर उतरल्याचा असता, तर ज्यांची साखर वाढलेलीच नव्हती त्यांना तो मिळण्याचे कारण नव्हते. म्हणून एचबीएवनसीचा आकडा तोच असला, तरी तो कोणत्या औषधाने आला, हे हृदयाच्या दृष्टीने विचारावेच लागते.

किडनीबद्दलची भीती मात्र कुठून आली, हे समजण्याजोगे आहे. या गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांनी रक्त तपासले, तर क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडे वाढलेले, समजा १.१ वरून १.३ झालेले दिसू शकते आणि घरचे लोक घाबरून गोळी बंद करतात. प्रत्यक्षात किडनीतल्या सूक्ष्म गाळण्यांवरचा जादा दाब उतरल्याची ती खूण असते. पुढे किडनीचा ऱ्हास मंदावतो, हे अनेक मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. वाढ फार मोठी असेल, तर डॉक्टरांनी कारण शोधायलाच हवे. खरे धोके वेगळेच आहेत आणि संदेशात त्यांचा उल्लेखही नसतो : जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग, तसेच क्वचित, साखर फारशी वाढलेली नसतानाही होणारा, रक्तात आम्ल साठवणारा कीटोॲसिडोसिस. म्हणूनच उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर ही गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

उरला औषधे बंद करण्याचा सल्ला. पाणी काढणारी गोळी सूज उतरल्यावर कमी करता येते, बऱ्याचदा करावीही लागते; तोच न्याय बाकीच्या औषधांना लावणे चूक. हृदयाची पंपिंग क्षमता सुधारलेल्या, लक्षणे नसलेल्या रुग्णांची औषधे ‘ट्रेड-एचएफ’ या छोट्या चाचणीत देखरेखीखाली हळूहळू बंद केली, तेव्हा सहा महिन्यांत त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांचा आजार उलटला. बरे वाटणे हा त्या औषधांचाच परिणाम होता. सूज दिसण्याआधी वजन वाढते. म्हणून सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी, रोज एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे आणि तीन दिवसांत २ किलो वाढले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.