‘नुसती प्रश्नावली आहे, एथिक्सची परवानगी कशाला?’

प्रबंधाचे दिवस आले की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो: ‘एथिक्स कमिटी औषधांच्या चाचण्यांसाठी असते. आपण सुई टोचत नाही, रक्त घेत नाही, कुणाचं नुकसान करत नाही. प्राचार्यांचं पत्र घ्या, प्रश्नावल्या वाटा, नाव लिहून घेऊ नका. जर्नलनं मागितलंच तर परवानगी नंतर काढता येते.’ संभाजीनगर, नांदेडकडची हुशार पोरंसुद्धा यावर विसंबून कामाला लागतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात सहभागींचं हित जपलं जातंय का हे तपासणारी समिती, फक्त औषधांसाठी नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याशी संबंधित सामाजिक व वर्तनविषयक संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. नैराश्य, ताण, व्यसन हे विषय त्यातच येतात. काही अभ्यासांना तपासणीतून सूट मिळते, हे खरं. पण ती सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, संशोधक नव्हे.

‘सुई टोचत नाही, म्हणजे नुकसान नाही’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात. नववा विचारतो की गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. आता हा प्रश्न आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी नेऊन बघा. बीड जिल्ह्यातल्या अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. हातातला कागद दिसताच बाई आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड, सातबारा, पासबुक घेऊन आल्या. एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी नवऱ्याचं प्रकरण अपात्र ठरलेलं. नवा कागद म्हणजे फेरतपासणी, असंच त्यांना वाटलं. ‘लिवा दादा, तुमाला पायजे ते,’ म्हणाल्या. सासू उंबऱ्यात, दीर ओट्यावर. नवव्या प्रश्नाला त्यांनी आधी सासूकडे पाहिलं, मग नकारार्थी मान हलवली. कागदावर शून्य पडलं.

त्या शून्याला काय अर्थ? या अभ्यासातून मदत मिळणार नाही हे आधी सांगितलं का, घरच्यांपासून बाजूला बसून बोलायची सोय केली का, बाई ‘हो’ म्हणाल्या असत्या तर त्याच दिवशी त्यांना कुणाकडे न्यायचं, हे समिती आधीच विचारते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर माहितीपत्रकात छापणं चांगलं, पण तेवढ्यावर भागत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आधी बोलून ठेवावं लागतं. सहभागी निरक्षर असेल तर अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा. दीर हा निःपक्ष साक्षीदार नाही.

प्राचार्यांच्या पत्रानं तुम्हाला वर्गाचं दार उघडून मिळतं. मुलांची संमती मुलांनीच द्यायची असते. अंतर्गत गुण देणारे सर समोर उभे असताना कोणता विद्यार्थी कोरा कागद परत देईल? त्यातून लातूरच्या शिकवण्यांतली अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली. तिथं पालकांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही. मधूनच उठून जायचं असेल तर कारण न देता जाता आलं पाहिजे.

नाव नाही म्हणजे ओळख नाही, असंही नसतं. ‘वय ३४, विधवा, दोन एकर कोरडवाहू’ एवढं लिहिलं की छोट्या गावात ते घर कोणतं हे सगळ्यांना कळतं.

राहिली नंतरची परवानगी. ती मिळत नाही. पहिल्या सहभागीला भेटण्याआधीच मंजुरी हवी. आधी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर मागाहून शिक्का बसत नाही, आणि गावोगाव फिरून केलेलं सगळं काम पडून राहतं.

समितीत ७ ते १५ जण असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. कायदा जाणणाऱ्यासोबत एक सामान्य नागरिकही असतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा. तुमचं संमतीपत्र वाचून ‘हे आमच्या गावात कुणाला कळणार?’ असं तो विचारतो, आणि मग ते साध्या मराठीत पुन्हा लिहावं लागतं. तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं. गाईडशी बोलून आराखडा पक्का झाला की त्याच आठवड्यात अर्ज करा, आणि मंजुरी हातात येईपर्यंत प्रश्नावल्या छापायलाही देऊ नका.